आतोबांचा राखणदार

मुंबईत देवांची टंचाई आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. लालबागच्या ज्या चाळीत ते राहायचे, तिच्या एका अंगाला मारुतीचं देऊळ होतं, दुसऱ्या अंगाला दत्ताचं होतं, जिन्याखाली कोणीतरी बसवलेला गणपती होता, आणि आत्याच्या देव्हाऱ्यात तर इतकी दाटी होती की आणखी एक देव आला असता तर त्याला रांगत्या बाळकृष्णाच्या पाठीवरच बसावं लागलं असतं. तरीही आतोबा संध्याकाळी गिरणीतून आले की गॅलरीत उभे राहायचे, विडीचा झुरका सोडायचे आणि हरवलेल्या माणसाची चौकशी करावी तशा काळजीने म्हणायचे, "हे सगळे देव बदलीवर इलेले. हयचो मूळचो खंय गेलो?"

हा मूळचा म्हणजे राखणदार. आतोबांचं गाव मालवणाकडचं. तिकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि जागा खरी त्याची असते. आपण तिथे नुसते राहतो. म्हणून अधूनमधून त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपल्या गरजा मोठ्या आवाजात त्याच्या कानावर घालायच्या. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मागतो, आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक मागण्याला एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. गावात गाऱ्हाणं कोणी घालायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आतोबांच्या घराला तो मान नव्हता. त्यांच्या आजोबांनी, वडिलांनी आणि त्यांनी स्वतः जन्मभर मागे उभं राहून फक्त "व्हय म्हाराजा" म्हटलेलं. पुढे आतोबा मुंबईला आले, एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून झाले, वीस वर्षं हजेरीची पत्रकं भरली, आणि चाळिशी उलटल्यावर एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की इथे ना गुरव, ना मानकरी, ना कोणी अडवणारा. इथला राखणदार उपाशी, आणि आपण मोकळे!

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो जागेच्या अडचणीमुळे. मला फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी लागली होती आणि गिरगावात आमच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. वडिलांनी मला "थोडे दिवस" म्हणून आत्याकडे पाठवलं. ते थोडे दिवस आठ वर्षं चालले. आत्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे जेवताना माझ्या ताटाकडे दोघांचंही लक्ष असायचं. आत्या माझ्या ताटात वाढायची आणि आतोबा माझ्या डोक्यात.

नवा धर्म काढायचा तर माणसं ग्रंथ लिहितात, निदान वही तरी घालतात. आतोबांनी पायांत चपला घातल्या आणि राखणदार शोधायला निघाले. सलग तीन रविवार ते चाळीभोवती फिरले. भिंतींना हात लावून पाहिला, नळाखालची फरशी ठोकून पाहिली, बोळातल्या मांजरीच्या मागे मागे गेले, कारण जनावराला अशी जागा आधी कळते असं त्यांचं म्हणणं. मांजर शेवटी मागच्या बाजूला गटाराकाठी एका काळ्या दगडावर जाऊन बसली. गुडघ्याइतका दगड, चौकोनी घडणीचा, अर्धा जमिनीत गेलेला. आतोबांनी मांजरीला आदराने बाजूला केलं, दगडावर एक बादली पाणी ओतलं आणि वर येऊन जाहीर केलं, "गावलो!"

तो खरा राखणदारच आहे ना, याची खात्री करायला त्यांनी कौल लावला. तुळशीची दोन ओली पानं दगडाच्या दोन बाजूंना चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पान आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आतोबांनी हात जोडून विचारलं, "तू हयचो राखणदार काय?" आणि डावं पान पडलं. पुन्हा विचारलं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदाही डावंच. दगडाने तीनदा स्वच्छ शब्दांत सांगितलं की तो मी नाही. दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. आतोबांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, "ह्या शिवडीच्या वाऱ्यान म्हटल्यान. देवान नाय." तेव्हापासून कौलाच्या वेळी डाव्या बाजूला छत्री धरायची असा नियम झाला. छत्री धरायचो मी. छत्री आल्यावर राखणदाराचा स्वभावही पुष्कळ निवळला आणि तो बहुतेक गोष्टींना हो म्हणू लागला.

मग नैवेद्याचा प्रश्न आला. गावाकडच्या राखणदाराला थोडी दारू लागते, आणि तेव्हा मुंबईत कडक दारूबंदी. ज्यांना डॉक्टरने लिहून दिली असेल त्यांना सरकार परमिट द्यायचं. आतोबांनी दोन दिवस खरोखरच विचार केला की राखणदाराच्या नावे अर्ज करता येईल का. वय काय लिहायचं इथे गाडी अडली. शेवटी त्यांनी असा निष्कर्ष काढला की इतकी वर्षं गिरणगावात राहिलेला देव चहावर आला असणारच. तेव्हापासून अमावास्येला सकाळी दगडापुढे अर्धा कप कडक चहा, साखर कमी, आणि एक पेटवलेली विडी ठेवली जाऊ लागली. दहा मिनिटं थांबून चहा प्रसाद म्हणून आतोबा घ्यायचे. विडीही वाया जाऊ द्यायचे नाहीत. आत्या वरून गॅलरीतून बघायची आणि म्हणायची, "अहो, तुमच्या देवाच्या आणि तुमच्या सवयी किती जुळतात हो!" त्यावर आतोबा वर न बघता म्हणायचे, "जुळतल्या नाय तर! शेजारी ना आमी?"

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. अडलं ते पुढे. गाऱ्हाणं घालायचा मान आतोबांनी स्वतःचा स्वतः घेतला होता, त्याला हरकत घेणारं कोणी नव्हतं. पण "व्हय म्हाराजा" कोण म्हणणार? एकट्याने गाऱ्हाणं घालून आपणच व्हय म्हणायचं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "आपल्या अर्जार आपणच सही करूची? अर्ज परत येतलो!" हा त्यांच्या धर्माचा एकमेव पक्का नियम. बाकी चहा कडक की पातळ, वेळ सकाळची की संध्याकाळची, यात ते सोयीप्रमाणे बदल करत. या नियमात नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचतच नाही, आणि पोचलं नाही तर सगळा खटाटोप फुकट. म्हणून ते माणूस शोधत होते. आत्याला विचारून झालं. ती गिरगावात वाढलेली, बोलणं स्वच्छ पुस्तकी, आणि देवही पुस्तकातले. ती म्हणाली, "माझे देव घरात आहेत. त्यांना ऐकू जाईल." शेजारच्या खोलीत गिरणीतले एक फिटर होते. त्यांनी देवधर्म विचारपूर्वक सोडला होता आणि रोज संध्याकाळी सभेला जात. ते म्हणाले, "तुमच्याशी माझं भांडण नाही काका, पण दगडापुढं मी उभा राहणार नाही." आतोबांना त्यांचं म्हणणं पटलं. न मानणाऱ्याचा होकार घेऊन काय करायचा!

उरलो मी. छत्री हातात होतीच.

पहिल्या अमावास्येची मला अजून लाज वाटते. सकाळची वेळ, पहिल्या पाळीची माणसं निघालेली, नळावर बायकांची रांग, आणि त्या रांगेत पहिल्या मजल्यावरची एक मुलगी, जिच्यासमोर आपण फोर्टातल्या कचेरीतले सुशिक्षित तरुण दिसावं अशी माझी फार इच्छा होती. आतोबांनी टोपी नीट केली, खाकरले आणि चाळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या अवसेच्या दिसाक तुझ्या पायाकडे नारळ आणि चाय ठेयलेली आसा, ती गोड मानून घे. ह्या चाळीतली जी काय पोराटोरा, बायामाणसा आसत, तेंका सुखात ठेव. कोणाची काय इडापिडा आसात, ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!" मी छत्रीच्या आड तोंड लपवून पुटपुटलो. आतोबा वळले. "मोठ्यान म्हण! तेका काय कचेरीतली फाइल दितस?" मग मी मोठ्याने म्हटलं, नळावर हशा झाला, आणि ती मुलगी सर्वांत जास्त हसली. तिचं पुढच्याच वर्षी परळच्या एका ड्राफ्ट्समनशी लग्न झालं. त्यात राखणदाराचा काही हात नसावा.

हळूहळू मला सवय झाली. आतोबांच्या गाऱ्हाण्यांना एक खास मुंबईचा थाट होता. गावाकडचे लोक पाऊस मागतात, भात मागतात. आतोबा मागायचे की नळाला दुसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढू दे, तळमजल्यावरच्या म्हातारीचा खोकला उतरू दे, फिटरांच्या पोराला मॅट्रिकला गणित सोपं जाऊ दे. फिटरांनी मागितलेलं नव्हतं तरी. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. एकदा मी तसं विचारलं, तर म्हणाले, "आपल्यासाठी मागूचा आसला तर तुझ्या आत्येचे देव आसत मा. ते मोठे. हो बिचारो चाळीपुरतो."

मग एक दिवस गटाराची मापं घ्यायला एक साहेब आले. टेप धरणाऱ्या माणसाने दगडाभोवतीची माती उकरली, आणि दगडाच्या खालच्या अंगावर कोरलेली इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा निघाला. साहेब नकाशात बघून म्हणाले, "हा तर हद्दीचा दगड. पूर्वी इथं कोणाची तरी वाडी होती, तिची हद्द इथं संपायची. राहू द्या, गटार बाजूनं नेऊ." साहेब सभ्य होते, हसलेसुद्धा नाहीत. पण चाळ हसली. दोन वर्षं चहा पाजला तो सर्व्हेच्या दगडाला! आतोबा वर आले आणि त्या दिवशी चहा प्यायले नाहीत. आत्याने, जिने त्या दगडाला कधी हात जोडले नव्हते, पहिल्यांदाच माझ्यापाशी काळजी केली. "कशाला रे उकरलं त्यांनी? बसला होता ना बिचारा गप्प." दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा दाढी करता करता एकदम थांबले. अर्ध्या गालावर साबण तसाच. म्हणाले, "हद्दीर उभो रवता तो कोण? राखणदारच मा? सायबान मापा घेवन सिद्ध केल्यान!" आणि उरलेली दाढी गुणगुणत केली. त्यानंतर कौल लावायचं त्यांनी बंदच केलं. सरकारी नकाशात नोंद असलेल्या देवाला आणखी काय विचारायचं?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई कोणाची, हा प्रश्न तेव्हा चाळीत मिठाइतका रोजचा होता. गिरण्यांच्या दारांशी सभा, भिंतीभिंतींवर घोषणा, आणि मोर्चे. आतोबा गाऱ्हाण्यात अधूनमधून तोही विषय काढायचे. "हद्दीचो प्रश्न आसा, तुझ्याच खात्यातलो," असं दगडाला बजावायचे. मी कचेरीतल्या मित्रांबरोबर मोर्च्यांना जायचो, घरी सांगत नसे. एका मोर्च्याच्या दिवशी आम्ही कचेरीतून मधल्या वेळीच उठून फ्लोरा फाउंटनपाशी गेलो. पुढे काय झालं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. आधी लाठ्या, मग धूर, मग गोळ्यांचे आवाज. माझ्यापासून हाताच्या अंतरावरचा एक माणूस खाली बसला. मला वाटलं पाय घसरला. तो उठला नाही. मी पळालो. त्या पळण्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि पळालो म्हणून हे लिहितो आहे हेही खरं. ट्रामगाड्या बंद, रस्ते अडवलेले. गल्ल्यागल्ल्यांतून डोंगरी, भायखळा करत, एका पायात चप्पल, मी दिवेलागणीला लालबागला पोचलो.

चाळीच्या दारातच आतोबांचा आवाज ऐकू आला. अमावास्या नव्हती, चहा नव्हता, विडी नव्हती. मागच्या बाजूला अर्धी चाळ दगडाभोवती गोळा झाली होती. माझ्या कचेरीतला कोणीतरी येऊन, मी फाउंटनवर होतो आणि नंतर दिसलो नाही, असं सांगून गेला होता. आतोबांची टोपी डोक्यावर नव्हती. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "बा राखणदारा म्हाराजा," ते म्हणत होते, आणि तो खणखणीत आवाज मध्येच फाटत होता, "ह्या घरातलो पोरगो मोर्च्याक गेलो आसा. माझो नाय तो, मेवण्याचो. पण ह्या घरातलो आसा. ज्या पायान गेलो, त्याच पायान तेका परत हाड रे म्हाराजा!" आणि लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" नळावर हसणाऱ्या बायका म्हणाल्या. फिटर एका बाजूला हात न जोडता, ताठ उभे होते. ते काही म्हणाले नाहीत, पण ते उभे होते. आणि सगळ्यांच्या मागून, एका क्षणाने उशिरा, स्वच्छ गिरगावी मराठीत एक बाईमाणसाचा आवाज आला, "होय महाराज. होय हो महाराज." ती आत्या होती.

मी हाक मारायला हवी होती. पण मला दम लागला होता, आणि दोन वर्षांची सवय. आतोबांनी पुन्हा तेच मागणं मागितलं, "त्याच पायान परत हाड रे म्हाराजा!" आणि लोकांबरोबर मीही मागून जोरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

आत्याने तो आवाज ओळखला. ती वळली आणि तिने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग मिठी मारून रडली. आतोबा पुढे आले. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. खाली वाकून माझ्या पायांकडे बघत राहिले, एकात चप्पल, एक रिकामा. मग डोळे पुसत म्हणाले, "पाय तेच आसत. चपलेचा सांगूक इसारलंय." आणि आम्ही सगळेच हसलो. त्या दिवशी किती घरांत कोण परतलं नाही हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मग चाळीत बरेच दिवस कोणी हसलं नाही.

आत्याने पुढे कधीच कबूल केलं नाही. "मी काही म्हटलं नाही, घसा साफ केला," हे तिचं ठरलेलं उत्तर. पण अमावास्येला चहा तीच करून द्यायला लागली, आणि राखणदाराच्या चहात आलं पडू लागलं. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई महाराष्ट्रात राहिली, लालबागला गुलाल उधळला गेला. आतोबांनी त्या दिवशी दगडापुढे पूर्ण कप ठेवला. शेजारीपाजारी पुढाऱ्यांचं कौतुक करत होते, आणि आतोबा एखाद्याने गुपित राखावं तसे मिशीतल्या मिशीत हसत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलूचा नाय कोणाकडे. पण हद्दीचो प्रश्न हद्दीच्या देवाक सांगल्याशिवाय सुटतलो कसो?"

काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि आत्याला घेऊन गावी जायला निघाले. बोटीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला दगडापाशी नेलं. मी सवयीने मागे उभा राहिलो. ते म्हणाले, "आज तू पुढे. मी मागे." मी पुढे झालो. इतकी वर्षं नुसता व्हय म्हणणाऱ्याला मागता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. कसंबसं, अर्ध्या मालवणीत, अर्ध्या गिरगावीत, मी म्हटलं की ही दोघं सुखरूप पोचू देत, त्यांना गावी काही कमी पडू नये. आणि माझ्या मागून आतोबांनी असा काही आवाज लावला की गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून घोटलेला आवाज होता तो. आत्याने नंतर पत्रात लिहिलं होतं, गावात हे पुन्हा सगळ्यांच्या मागे उभे राहतात, आणि यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो.

आता दोघंही नाहीत. मी दादरला राहतो. चाळ अजून उभी आहे, दगडही आहे, गटार त्याच्या बाजूने वळून गेलेलं आहे. जमेल त्या अमावास्येला मी थर्मासमधून आल्याचा चहा घेऊन जातो. चाळीतली नवी माणसं मला ओळखत नाहीत, कोणाचा तरी वेडा पाहुणा समजतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. टोपी नसते म्हणून केस नीट करतो, खाकरतो, आणि मोठ्यानेच म्हणतो. नळाचं पाणी, म्हाताऱ्यांचा खोकला, पोरांचं गणित, सगळं मागतो. शेवटी म्हणतो, "बा राखणदारा म्हाराजा, तुझो कारकून आपल्या बायलेक घेवन गावाक गेलो आसा. ज्या पायान गेलो, त्याच पायान तेंका परत हाड रे म्हाराजा." हे मागणं पुरं होणारं नाही, हे मला कळतं. तरी मागतो. मग थांबतो. आपल्या अर्जावर आपण सही करायची नाही, हा नियम मी अजून मोडलेला नाही. चहा निवेपर्यंत तिथेच उभा राहतो, मागून कोणी काही म्हणतं का ते ऐकत.